सीबीसीटी, दातांसाठी आणि किरणोपचारासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात-जबड्याचं सीबीसीटी (कोन-बीम सीटी, म्हणजे शंकूच्या आकाराच्या झोताचं सीटी) आणि किरणोपचारातलं सीबीसीटी यांबद्दलचे प्रश्न मी मुद्दाम एकाच पानावर ठेवले आहेत. विभाग वेगळे, यंत्रं वेगळी, पण भौतिकी एकच. एका विभागातलं उत्तर न तपासता दुसऱ्या विभागात नेलं की गोंधळ होतो, आणि निम्मे प्रश्न त्या गोंधळातूनच येतात. विचारणारे रुग्ण आहेत, नातेवाईक आहेत, दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि लायनॅकवर, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्रावर, काम करणारे तंत्रज्ञ आहेत, म्हणून काही उत्तरं सोपी आणि काही बरीच तांत्रिक झाली आहेत. तुमच्या प्रकृतीबद्दलचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांना काय विचारायचं ते इथून घेऊन जा.

१. सीबीसीटी म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा ते वेगळं कसं?

नेहमीच्या सीटीत क्ष-किरणांचा झोत चपटा असतो. नळी अंगाभोवती भराभर फिरते, टेबल पुढे सरकतं आणि शरीराचे काप एकामागून एक गोळा होतात. सीबीसीटीत झोत शंकूच्या आकाराचा असतो आणि त्याच्या समोर मोठा, सपाट डिटेक्टर. दोन्ही मिळून रुग्णाभोवती एकदाच फिरतात, कधी पूर्ण वर्तुळ, कधी अर्ध्याहून थोडं जास्त. त्या फेरीत काहीशे एक्स-रे टिपले जातात आणि संगणक त्यांतून त्रिमितीय चित्र बांधतो. रुग्ण जागच्या जागीच असतो.

दातांच्या यंत्रात ही फेरी साधारण १० ते २० सेकंदांची असते. किरणोपचाराच्या नेहमीच्या लायनॅकवर ती मिनिटभर चालते, कारण तिथे काही टन वजनाची गँट्री, म्हणजे रुग्णाभोवती फिरणारी यंत्राची चौकट, फिरवायची असते आणि तिचा वेग सुरक्षिततेसाठी मर्यादित ठेवलेला असतो.

एकाच झोतात एवढा मोठा भाग येतो, त्यामुळे शरीरात विखुरलेले किरणही डिटेक्टरवर येऊन पडतात. याला स्कॅटर म्हणतात. सीबीसीटीच्या बहुतेक मर्यादा इथूनच सुरू होतात (प्रश्न ११).

२. हे तंत्र आधी कुठे आलं, दातांमध्ये की किरणोपचारात?

गणित दोघांच्याही आधीचं आहे. शंकूच्या आकाराच्या झोतातून चित्र कसं बांधायचं याची व्यवहारात वापरता येईल अशी पद्धत फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ मध्ये मांडली. हे तिघे फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधन विभागात होते. त्यांच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी एफडीके पद्धत आजही अनेक यंत्रांच्या मुळाशी आहे.

दातांसाठीचं यंत्र इटलीत व्हेरोनाच्या मोत्सो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलं. ते न्यूटॉम या नावानं बाजारात आलं. जवळपास त्याच सुमारास जपानमध्ये योशिनोरी अराई यांनी अगदी लहान भागाचं, पण फार बारीक तपशिलाचं यंत्र तयार केलं. किरणोपचारात मिशिगनमधल्या विल्यम बोमाँट हॉस्पिटलमध्ये डेव्हिड जॅफ्रे, जेफ्री सीवर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण नळी आणि सपाट डिटेक्टर थेट लायनॅकवर बसवले. त्यांचा २००२ चा निबंध या क्षेत्रात आजही वाचला जातो.

३. ओपीजी झाला आहे, तरी दातांच्या डॉक्टरांनी सीबीसीटी सांगितलं. खरंच लागतं का?

ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, आणि ते सपाट चित्र आहे. त्यात गालाकडची आणि जिभेकडची बाजू एकमेकांवर पडते. जिथे खोली आणि जाडी कळल्याशिवाय निर्णय होत नाही, तिथे सीबीसीटीला तोड नाही. इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी मोजायची असेल, अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ खातो आहे का ते पाहायचं असेल, वरच्या पहिल्या दाढेत लपलेला चौथा कॅनॉल शोधायचा असेल किंवा फसलेल्या रूट कॅनॉलचं कारण हुडकायचं असेल, तर डॉक्टरांची मागणी रास्त आहे. रूट कॅनॉलच्या बाबतीत अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्ट आणि दंत-रेडिओलॉजिस्ट यांच्या संघटनांनी २०१५ च्या संयुक्त निवेदनात साध्या दंत एक्स-रेलाच पहिला मान दिला आहे. त्यावर उत्तर मिळालं नाही तर लहान भागाचं सीबीसीटी घ्यावं, असं ते सांगतं.

निव्वळ कीड शोधायला किंवा ‘एकदा सगळं तोंड बघून घेऊ’ म्हणून सीबीसीटी करू नये. डॉक्टरांना सरळ विचारा: या स्कॅनमध्ये तुम्ही काय शोधणार, आणि ते सापडलं किंवा नाही सापडलं तर उपचारात काय बदलेल? ज्यांनी विचार करून स्कॅन सांगितलं आहे, ते दोन वाक्यांत उत्तर देतील.

४. अक्कलदाढ काढायच्या आधी सीबीसीटी केलं की नसेला इजा होणार नाही, हे बरोबर ना?

नाही. बहुतेकांना याचं नवल वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो.

खालच्या अक्कलदाढेची मुळं कधीकधी जबड्यातल्या नसेला टेकलेली असतात. दाढ काढताना नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, क्वचित कायमची. सीबीसीटीत नस मुळाच्या कुठल्या बाजूनं जाते, मध्ये हाड शिल्लक आहे की नाही, हे ओपीजीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतं. मग इजा कमी व्हायला हवी, हे तर्काला पटतं.

पण २०१४ ते २०१६ या काळात युरोपातल्या काही गटांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून, म्हणजे रँडमाइज्ड चाचण्या करून, हे तपासलं. निम्म्यांना फक्त ओपीजी, निम्म्यांना जोडीला सीबीसीटी. नसेच्या तक्रारींत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यानंतर युरोपातल्या दंत-रेडिओलॉजिस्टांच्या अकादमीनं २०१९ मध्ये भूमिका मांडली: अक्कलदाढेसाठी सीबीसीटी सरसकट नको; साध्या एक्स-रेनं न सुटणारा ठरावीक प्रश्न सर्जनपुढे असेल तरच करावं.

असं का होतं? दाढ शेवटी त्याच बाजूनं, त्याच हत्यारांनी काढली जाते. नस दिसली म्हणून ती बाजूला सरकत नाही. फरक पडू शकतो तो चित्र पाहून बेत बदलला तर. उदाहरणार्थ, पूर्ण दाढ काढण्याऐवजी फक्त वरचा भाग कापून मुळं जागीच ठेवण्याचा, म्हणजे कोरोनेक्टॉमीचा निर्णय झाला तर. तेव्हा तुमच्या सर्जनच्या मनात असे दोन पर्याय खरोखर असतील, तर स्कॅनला अर्थ आहे.

५. दातांच्या सीबीसीटीत रेडिएशन किती असतं? एकच आकडा सांगा.

एकच आकडा देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. लडलो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उपलब्ध मोजमापं एकत्र केली. प्रौढांमध्ये लहान भागाच्या स्कॅनचा इफेक्टिव्ह डोस (संपूर्ण शरीराचा धोका लक्षात घेऊन काढलेला डोस) ५ ते ६५२ मायक्रोसिव्हर्ट, मध्यम भागाचा ९ ते ५६०, मोठ्या भागाचा ४६ ते १०७३ मायक्रोसिव्हर्ट निघाला. नेहमीच्या सेटिंगवर सरासरी अनुक्रमे ८४, १७७ आणि २१२. लहान भागाच्या स्कॅनमध्ये सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात शंभरपटींहून अधिक अंतर आहे! ‘सीबीसीटीचा डोस अमुक असतो’ असं कुणी ठामपणे सांगितलं, तर कुठलं यंत्र, किती भाग आणि कुठलं सेटिंग, हे विचारावंच लागतं.

तुलनेसाठी: ओपीजी साधारण २५ मायक्रोसिव्हर्टच्या आत असतो, डोक्याचं नेहमीचं सीटी २००० च्या आसपास. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला जागतिक सरासरीनं २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे दिवसाला साडेसहा. त्या हिशेबात ८४ मायक्रोसिव्हर्ट म्हणजे सुमारे तेरा दिवसांचं नैसर्गिक रेडिएशन. एका रुग्णाला यातून असणारा धोका फार लहान आहे, पण तो शून्य मानून चालायचं नाही असं रेडिएशन सुरक्षेचं शास्त्र धरतं.

डोस कमी करायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्कॅनचा भाग लहान ठेवणं. एका दाढेच्या कॅनॉलसाठी दोन्ही जबडे आणि सायनस कशाला?

जुने निबंध वाचणाऱ्यांसाठी सूचना: आंतरराष्ट्रीय रेडिएशन संरक्षण आयोगानं २००७ मध्ये इफेक्टिव्ह डोस काढण्याचे भारांक बदलले आणि त्यांत लाळग्रंथी व मेंदू स्वतंत्रपणे आले. त्यामुळे आधीच्या भारांकांनी काढलेले दंत डोस नव्यांशी थेट ताडून पाहू नयेत.

६. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. दात सरळ करण्यासाठी सीबीसीटी सांगितलंय. करू का?

लहान वयात पेशी वेगानं वाढत असतात आणि पुढचं आयुष्यही मोठं असतं, म्हणून तोच डोस मुलांमध्ये जास्त जपून मोजला जातो. शिवाय मुलाचं डोकं लहान असल्यानं त्याच आकाराच्या स्कॅनमध्ये थायरॉईड झोताच्या जवळ येतं.

केवळ तारा बसवायच्या आहेत म्हणून सीबीसीटी लागत नाही. अडकलेला सुळा, जास्तीचा दात, फाटलेला टाळू, जबड्याची गंभीर विसंगती ही वेगळी कारणं आहेत आणि तिथे स्कॅनचा उपयोग निर्विवाद आहे. युरोपातल्या डिमित्रा या प्रकल्पानं याच वयोगटाचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेला विचार असा की डोस प्रश्नानुसार आणि रुग्णानुसार ठरवावा, चित्र सुंदर दिसण्यासाठी नव्हे. अडकलेला सुळा कुठे आहे ते थोड्या दाणेदार, कमी डोसच्या चित्रातही कळतं. डॉक्टरांना ‘मुलांचं सेटिंग वापरणार का?’ एवढं जरूर विचारा.

७. शिशाचा एप्रन घातला नाही, किंवा मी गरोदर आहे. काळजीचं आहे का?

दंत स्कॅनमध्ये झोत पोटापासून बराच दूर असतो आणि गर्भापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो. तरीही घाईचं नसेल तर बाळंतपणानंतर करायला हरकत नाही. दुखणं किंवा जंतुसंसर्ग असेल तर मात्र थांबू नये. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये दंत तपासण्यांसाठी पोटाचे एप्रन आणि थायरॉईडची कॉलर वापरणं बंद करावं अशी शिफारस केली. झोत नेमका आखून घेण्यानं जे संरक्षण मिळतं, त्यात एप्रन फारशी भर घालत नाही. आणि कॉलर झोतात आली तर चित्र बिघडून स्कॅन पुन्हा करायची वेळ येते. काही ठिकाणी स्थानिक नियमांनुसार ती अजूनही घालतात. त्यात गैर काही नाही.

८. किरणोपचाराच्या प्रत्येक सिटिंगआधी स्कॅन का करतात? आधी प्लॅनिंगचं सीटी झालंच होतं की!

प्लॅनिंगचं, म्हणजे उपचार आखण्यासाठी काढलेलं, सीटी एका दिवसाचं आहे, उपचार काही आठवडे चालतात. मूत्राशय कधी भरलेलं, कधी अर्धं, आतड्यात कधी गॅस, वजन उतरतं, डोकं स्थिर ठेवणारा मास्क सैल होतो, खांदा पाच मिलिमीटर वर सरकतो. त्वचेवरच्या खुणा जुळल्या तरी आतली गाठ जुळेलच असं नाही. म्हणून टेबलावर झोपवून सीबीसीटी घेतात, ते प्लॅनिंगच्या सीटीवर ठेवून पाहतात आणि जेवढा फरक असेल तेवढं टेबल सरकवतात. काही टेबलं किंचित कलतात आणि वळतातही.

हाडं जुळवायची की मऊ अवयव, हा निर्णय इथे कळीचा असतो. मेंदूच्या बाबतीत कवटी जुळली की काम होतं. प्रोस्टेट मात्र ओटीपोटाच्या हाडांपासून स्वतंत्रपणे सरकतं, त्यामुळे केवळ हाडं जुळवली तर निशाणा चुकू शकतो. कधी स्कॅन पाहून तंत्रज्ञ तुम्हाला उठवतात आणि ‘लघवी करून या’ किंवा ‘अजून पाणी प्या’ म्हणतात. कृपया कंटाळू नका. त्या दिवशी त्या स्कॅननं आपलं काम चोख केलेलं असतं.

९. पण रोजच्या स्कॅनचं रेडिएशन वेगळं चढत नाही का?

चढतं. त्याचा हिशेब असा: ओटीपोटाच्या एका सीबीसीटीचा डोस सेटिंगनुसार साधारण १० ते ४० मिलिग्रे (ऊतीनं प्रत्यक्ष शोषलेल्या डोसचं एकक, प्रश्न ५ मधल्या मायक्रोसिव्हर्टहून वेगळं) असतो, डोक्याचा त्याहून बराच कमी. समजा २० मिलिग्रे आणि ३० सिटिंग, एकूण ०.६ ग्रे. उपचाराचा डोस ६० ग्रे असेल तर हा एक टक्का झाला. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टास्क ग्रुप १८० चा २०१८ चा अहवाल सांगतो की चित्रणाचा डोस उपचाराच्या डोसच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त होणार असेल तर तो प्लॅनिंगमध्ये विचारात घ्यावा.

टक्केवारीनं सगळं सुटतं असं मात्र मला वाटत नाही. उपचाराचा झोत गाठीवर एकवटलेला असतो. सीबीसीटीचा डोस स्कॅनमधल्या सगळ्या निरोगी भागावर पसरतो. लहान मुलं आणि ज्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य आहे असे रुग्ण यांच्यासाठी स्कॅनची लांबी कमी करणं, कमी डोसचं सेटिंग ठेवणं हे कामाचा भाग असलं पाहिजे. कंपनीनं दिलेलं सेटिंग सर्वांना तसंच लावणं योग्य नाही.

१०. रोज स्कॅन केल्यानं रुग्णाला फायदा होतो, हे सिद्ध झालं आहे का?

जागा जास्त अचूक जुळते, हे नि:संशय. रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम काय, याबद्दलचे रँडमाइज्ड पुरावे थोडे आहेत. त्यातला महत्त्वाचा अभ्यास फ्रान्समधला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला: प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ४७० रुग्ण, काहींची जागा रोज चित्र घेऊन तपासली, काहींची आठवड्यातून एकदा. रोजच्या गटात गुदाशयाचे त्रास कमी होते आणि पीएसए (रोग परतल्याची सूचना देणारी रक्तातली खूण) पुन्हा वाढण्याचं प्रमाणही कमी होतं. पण अभ्यासाचा मुख्य निकष होता रोग न उलटता जगणं, आणि त्यात ठाम फरक दिसला नाही. एकूण जगण्याचं प्रमाण तर रोजच्या गटात कमी निघालं. मृत्यूंची संख्या थोडी असल्यानं त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे आणि त्यावरून रोजचे स्कॅन घातक ठरवणं चूक होईल. तो निष्कर्ष दडवून फक्त गुदाशयाचा फायदा सांगणं मात्र मला मान्य नाही.

गाठीभोवती अगदी कमी मोकळी जागा सोडून थोड्या सिटिंगमध्ये मोठा डोस द्यायचा असतो, तिथे चित्र न पाहता उपचार करणं कुणीच समर्थनीय मानणार नाही. तिथे वाद नाही.

११. दातांच्या सीबीसीटीवर हाडाची घनता हाउन्सफील्ड एककात मोजता येते का? सॉफ्टवेअर तर आकडा दाखवतं.

दाखवतं, पण तो आकडा हाउन्सफील्ड एकक समजू नका. हाउन्सफील्डच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १०००, आणि नेहमीचं सीटी यंत्र त्याला काळजीपूर्वक जुळवलेलं असतं. दंत सीबीसीटीत तीन गोष्टी हे माप डळमळीत करतात. पहिली, स्कॅटर: विखुरलेले किरण डिटेक्टरवर पडून खोटा उजेड वाढवतात, आणि संगणक त्याचा अर्थ ‘इथे पदार्थ विरळ आहे’ असा लावतो. दुसरी, झोत हाडातून जाताना त्यातले कमी ऊर्जेचे किरण आधी गळतात आणि उरलेला झोत कडक होतो. तिसरी, दंत स्कॅनचा भाग लहान असतो. चित्राबाहेरचं डोकं, मानेचे मणके, दुसऱ्या बाजूचा जबडा किरण शोषतात, पण संगणकाला ते पूर्ण दिसतच नाहीत. म्हणून तेच हाड चित्राच्या मध्याकडून कडेला गेलं की आकडा बदलू शकतो.

इम्प्लांटच्या पुस्तकांतले डी१ ते डी४ असे हाडाचे प्रकार आणि त्यांच्या हाउन्सफील्ड सीमा नेहमीच्या सीटीवरून आलेल्या आहेत. त्या सीबीसीटीच्या करड्या छटांना लावू नयेत. छटेचा नेहमीच्या सीटीशी चांगला सहसंबंध दाखवणारे निबंध आहेत, पण सहसंबंध असणं आणि एका रुग्णात आकड्यावर विसंबता येणं यांत मोठं अंतर आहे. रुंदी, उंची, नसेपर्यंतचं अंतर मोजायचं असेल तर सीबीसीटी उत्तम आहे.

लायनॅकवर हीच अडचण मोठ्या प्रमाणात येते. ओटीपोटासारख्या जाड भागात विखुरलेले किरण सरळ आलेल्या किरणांहूनही जास्त असू शकतात. त्याचा परिणाम प्रश्न १४ आणि १६ मध्ये आहे.

१२. क्राऊन आणि पोस्ट असलेल्या दाताला तडा गेलाय का, ते सीबीसीटीत दिसेल ना?

तडा नेमका हवा तेव्हाच बहुधा दिसत नाही. पोस्टचा (मुळात बसवलेल्या खुंटीचा) धातू आणि गटापर्चा (रूट कॅनॉलमध्ये भरलेला पदार्थ) यांच्याभोवती काळे-पांढरे पट्टे उठतात, आणि काळा पट्टा हुबेहूब तड्यासारखा दिसतो. खरा तडा मात्र अनेकदा व्हॉक्सेलहून (चित्राच्या सर्वांत लहान ठोकळ्याहून, प्रश्न १३) अरुंद असतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते: नसलेला दिसतो, असलेला दिसत नाही. मुळाच्या एका बाजूनं खोलवर झिजलेलं हाड आणि त्याच जागी एकट्यानं खोल जाणारा हिरडीचा कप्पा ही तड्याची अप्रत्यक्ष लक्षणं जास्त भरवशाची आहेत. धातूचे पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर चित्र स्वच्छ करतं, पण त्यामुळे तड्याचं निदान सुधारतंच असं नाही.

प्रयोगशाळेत उपटलेल्या दातांवर केलेले अभ्यास याबाबत फार आशादायी वाटतात. तिथे दात हलत नाही, आणि बऱ्याचदा तडा मुद्दाम पाडलेला, चांगला रुंद असतो.

१३. यंत्राचा व्हॉक्सेल ०.०७५ मिलिमीटरचा आहे. म्हणजे तेवढी बारीक गोष्ट दिसेल?

नाही. व्हॉक्सेल हा चित्राचा सर्वांत लहान ठोकळा. दोन वस्तू वेगळ्या दिसायला निदान दोन ठोकळे लागतात, शिवाय नळीचा फोकस, डिटेक्टर, चित्रातला दाणेदारपणा आणि रुग्णाची हालचाल यांनी तपशील पुसट होतो. श्वासानं आणि नाडीच्या ठोक्यानंही डोकं किंचित हलतं. सर्वांत लहान व्हॉक्सेल निवडला की अनेकदा डोसही वाढवावा लागतो, नाहीतर दाणे वाढतात.

१४. रोजच्या सीबीसीटीत गाठ लहान होतेय का ते कळतं का?

कधीकधी फुफ्फुसात कळतं, कारण हवा आणि गाठ यांच्यात फरक ठळक असतो. मान, यकृत, ओटीपोट इथे मऊ ऊतींमधला फरक स्कॅटरमुळे पुसट होतो. हे स्कॅन जागा जुळवण्यासाठी आहे. उपचाराचा प्रतिसाद ठरवायला योग्य वेळी सीटी, एमआरआय किंवा पेट-सीटी करतात. त्यामुळे ‘आजच्या स्कॅनमध्ये गाठ कमी झाली का?’ या प्रश्नावर तंत्रज्ञ गप्प राहिले, तर ते काही लपवत आहेत असं समजू नका.

१५. फुफ्फुसातली गाठ श्वासाबरोबर हलते. मिनिटभर चालणाऱ्या स्कॅनमध्ये ती कशी टिपतात?

मिनिटभरात दहा-पंधरा श्वास होतात, त्यामुळे साध्या सीबीसीटीत गाठ तिच्या वाटेवर फासल्यासारखी दिसते. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या यान-याकोब सोंके आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यावर उपाय मांडला: एक्स-रे श्वासाच्या टप्प्यांनुसार वेगळे करायचे आणि प्रत्येक टप्प्याचं चित्र स्वतंत्र बांधायचं. छातीवर काही बांधावं लागत नाही. श्वासपटलाची हालचाल एक्स-रेमधूनच वाचली जाते. अडचण अशी की दहा टप्पे केले की प्रत्येकाच्या वाट्याला दशांश एक्स-रे येतात आणि चित्रावर रेघोट्या उठतात. म्हणून गँट्री हळू फिरवतात आणि स्कॅन काही मिनिटांचं होतं. कमी एक्स-रेमधून चांगलं चित्र काढणं हा अजूनही जोमानं चालू असलेला संशोधनाचा विषय आहे.

१६. मग त्याच सीबीसीटीवर त्या दिवसाचा नवा प्लॅन का करत नाहीत?

करू लागले आहेत, पण सगळीकडे नाही. डोस मोजायला संगणकाला प्रत्येक बिंदूची घनता भरवशानं कळावी लागते, आणि प्रश्न ११ मध्ये सांगितलेली अडचण तिथे आडवी येते. त्यावर तीन वाटांनी काम चालू आहे: स्कॅटर यंत्रातच कमी करणं, चित्र पुन्हा पुन्हा सुधारत बांधण्याच्या पद्धती, आणि डीप लर्निंगनं (एआयच्या एका प्रकारानं) सीबीसीटीपासून कृत्रिम सीटी तयार करणं. २०२३ च्या सिंथरॅड स्पर्धेत मेंदू आणि ओटीपोटाच्या सीबीसीटीवरून असं सीटी बनवण्याचं आव्हान जगभरच्या गटांना दिलं होतं. २०१९ मध्ये जाहीर झालेली इथॉस ही प्रणाली रुग्ण टेबलावर असतानाच प्लॅन बदलण्यासाठी आहे.

कृत्रिम सीटीबद्दल माझी चिंता एकच. बिघडलेलं सीबीसीटी बिघडलेलं दिसतं. चुकीचं कृत्रिम सीटी मात्र सुबक दिसू शकतं. आतड्यातला गॅसचा बुडबुडा मॉडेलनं ‘दुरुस्त’ करून टाकला तर ते कुणाच्या लक्षात यावं? सरासरी चूक किती हाउन्सफील्ड, हे सांगणारे तक्ते पुरेसे नाहीत. या रुग्णात, आज, मॉडेल कुठे चुकलं असू शकतं हे दाखवणारी साधनं हवी आहेत.

१७. दातांच्या सीबीसीटीत एआय काय करतं?

मुख्यतः रेखाटन: दात वेगळे करणं, जबडा आखणं, खालच्या जबड्यातल्या नसेची नळी शोधणं. इटलीतल्या मोडेना आणि रेज्जो एमिलिया विद्यापीठाच्या गटाच्या पुढाकारानं २०२३ मध्ये झालेली टूथफेअरी स्पर्धा याच नळीसाठी होती. वेळ निश्चित वाचतो. रेघ बरोबर आहे का, ते सर्जननं पाहायलाच हवं, विशेषतः जिथे नळीची भिंत मुळातच पुसट आहे तिथे.

१८. इम्प्लांटसाठी स्कॅन केलं आणि रिपोर्टमध्ये सायनस, मानेचे मणके असं काही लिहून आलं. घाबरायचं का?

बहुतेक वेळा नाही. सायनसच्या अस्तराची थोडी सूज, मणक्यांची झीज हे नेहमी दिसतं. पण जेवढा भाग स्कॅनमध्ये आला तेवढा पूर्ण वाचणं हे स्कॅन करणाऱ्याचं कर्तव्य आहे. फक्त इम्प्लांटची जागा पाहून बाकीचं सोडून देता येत नाही. रिपोर्ट नसेल तर मागून घ्या.

१९. वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे. दातांचं सीबीसीटी झालंय. तेच किरणोपचाराला वापरता येईल का?

प्लॅनिंगला नाही. त्यात मऊ ऊती नीट दिसत नाहीत, भाग अपुरा असतो, रुग्ण बसलेला किंवा उभा असतो आणि घनतेचे आकडे भरवशाचे नसतात. गाठ किती पसरली ते पाहायला सीटी आणि एमआरआयच हवं.

तरीही ते स्कॅन जपून ठेवा. किरणोपचारानंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, म्हणून न वाचणारे दात आधीच काढून जखमेला शक्यतो दोन-तीन आठवडे द्यायचे असतात. कुठल्या मुळाखाली जंतुसंसर्ग आहे ते या स्कॅनमध्ये चांगलं दिसतं. पुढे दात काढायची वेळ आलीच, तर त्या जागी किती डोस बसला होता ते किरणोपचाराच्या प्लॅनमधून मागवता येतं, आणि दंत-सर्जननं ते मागवावंच. उलट दिशेनं, लायनॅकवरचं सीबीसीटी दातांच्या निदानाला चालत नाही: व्हॉक्सेल बऱ्याचदा एक मिलिमीटरच्या आसपास आणि धातूचे पट्टे जागोजागी.

२०. दातांची दोन-तीन सीबीसीटी आधी झाली असतील तर किरणोपचाराचा डोस कमी करावा लागतो का?

नाही. उपचाराचा डोस त्याच्या हजारो पटींनी मोठा असतो.

२१. सीबीसीटीवर प्रबंध करायचा आहे. कुठल्या विषयाला खरी गरज आहे?

फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी १९९१ मध्ये चित्रण-तपासणीच्या उपयुक्ततेच्या सहा पायऱ्या मांडल्या: चित्र तांत्रिकदृष्ट्या चांगलं आहे का, निदान अचूक होतं का, डॉक्टरांचा विचार बदलतो का, उपचार बदलतो का, रुग्णाचं भलं होतं का, आणि समाजाला तो खर्च परवडण्याजोगा आहे का. सीबीसीटीवरचे बहुसंख्य निबंध पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेले आहेत. प्रश्न ४ आणि १० मधल्या चाचण्या पाचव्या पायरीवर गेल्या, म्हणूनच त्यांनी सर्वांना विचारात पाडलं.

पाचवी पायरी प्रबंधाच्या काळात गाठणं कठीण आहे, हे मान्य. तिसरी आणि चौथी मात्र आवाक्यात आहेत. सीबीसीटी पाहण्याआधी डॉक्टरांकडून उपचाराचा बेत लिहून घ्या, नंतर पुन्हा लिहून घ्या, किती रुग्णांत बदलला ते मोजा. जमल्यास बदललेला बेत प्रत्यक्षात योग्य ठरला का तेही नोंदवा. किरणोपचारात तेच: किती सिटिंगमध्ये स्कॅनमुळे टेबल सरकलं एवढंच न मोजता, ते न सरकवल्यास गाठीचा किंवा शेजारच्या अवयवाचा डोस किती बदलला असता ते काढा. दोन्हीकडे यंत्राचं मॉडेल, व्होल्टेज, एमएएस (नळीतला विद्युतप्रवाह गुणिले वेळ), स्कॅनचा भाग, व्हॉक्सेल आणि फेरीचा कोन लिहायला विसरू नका. प्रश्न ५ मधला शंभरपटींचा फरक पाहिल्यावर, हे तपशील नसलेला डोसचा आकडा कुणाच्या उपयोगाचा नाही, हे वेगळं सांगायला नको.